दळण-कांडणाचा भार

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे हिंसेची जागा. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ह्या त्या पाच जागा होत. ह्या ठिकाणी नकळत किडामुंगी मरते. तो दोष फिटावा म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, असा तेथील अभिप्राय आहे. पंचमहायज्ञांचे हे मूळ आमच्या बहुतेक वाचकांनी कीर्तन-प्रवचनांतून ऐकले असेल. तथापि त्यातील एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ह्या पाचही जागी राबणारे हात घरातील स्त्रीचे होत. जात्याखाली सापडणाऱ्या मुंगीचा हिशेब धर्मशास्त्राने ठेवला. जाते ओढणाऱ्या दंडाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

शास्त्रकारांस दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. जे काम रोज पहाटेच्या अंधारात, घराच्या आतल्या पडवीत चालते, ते कोणत्याही काळच्या ग्रंथकाराच्या नजरेस सहसा पडत नाही. राजांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. देवालयांच्या दानपत्रांत जमिनीच्या चतुःसीमा कोरल्या गेल्या. पण त्या जमिनीत पिकलेले भात नैवेद्याच्या पानावर अन्न होऊन येईपर्यंत मुसळ किती वेळा उचलले गेले, हे ताम्रपटात शोधून सापडावयाचे नाही. त्या श्रमाचा आणि तो हलका करण्यासाठी झालेल्या खटपटींचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे काम रोजचे का होते, ते प्रथम पाहिले पाहिजे. धान्य शेतातून घरी आले म्हणजे अन्न झाले, असे होत नाही. ज्वारी-बाजरीचे पीठ करावे लागते, आणि ते पीठ साठवून टिकत नाही. बाजरीत स्निग्धांश अधिक. त्यामुळे तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून घाटावरील घरांत दळण हे रोजचे, फार तर दिवसाआडचे काम असे. भाताची गोष्ट वेगळी दिसली तरी परिणाम तोच. तूस अंगावर असेपर्यंत दाणा किडीपासून व दमटपणापासून सुरक्षित राहतो. तूस निघाले की त्याचे आयुष्य कमी होते. म्हणून कोकण-गोव्यात कणगीत भातच ठेवावयाचे आणि लागेल तसे कांडावयाचे, अशी रीत पडली. हे काम आठवड्याचे एकदम उरकून मोकळे होण्यासारखे नव्हते. धान्याच्या स्वभावानेच ते रोजच्या रोज बाईच्या माथी येत असे.

उकड्या तांदळाची वाट तर आणखी लांबची. भात भिजत घालावयाचे, मोठ्या भाण्यात उकडावयाचे, चटईवर पसरून उन्हात वाळवावयाचे. मग घिरटावर भरडून तूस सोडवावयाचे, सुपाने पाखडावयाचे, जमिनीत पुरलेल्या व्हायनात घालून मुसळाने सडावयाचे, पुन्हा पाखडावयाचे, आणि शेवटी तांदूळ, कणी व कोंडा वेगवेगळा करावयाचा. ह्या सर्व खटाटोपात शहाणपणही होते. उकडल्याने दाणा घट्ट होतो व कांडताना कमी फुटतो. कोंड्यातील सत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो. आहारशास्त्रज्ञांनी ही गोष्ट पुढे प्रयोगशाळेत सिद्ध केली. गोमंतकातील गृहिणीला ती परंपरेने हाताला ठाऊक होती.

पण शहाणपण असले तरी कष्ट कमी होत नाहीत. जात्याशी बसणारी बाई एक पाय लांब करून, एका हाताने खुंटा ओढीत आणि दुसऱ्या हाताने वैरण घालीत सबंध पहाट काढी. जाते गुळगुळीत झाले म्हणजे ते अधिक जड चाले. मग टाकी लावणारा फिरता कारागीर गावात कधी येतो, ह्याची वाट पाहावी लागे. मुसळाचे काम उभ्याने. मुसळ खांद्याच्या वर उचलावयाचे आणि नेमके उखळाच्या मध्यावर सोडावयाचे. तोल गेला तर दाणा सांडतो, जोर कमी पडला तर तूस सुटत नाही. आणि शेतकऱ्याच्या घरात हे सर्व दिवस उजाडण्यापूर्वीचे काम. उजाडल्यावर तीच बाई लावणीला, बेणणीला किंवा कापणीला शेतात जावयाची. कुळाच्या घरी पुरुषाचा दिवस औतापासून सुरू होई, बाईचा जात्यापासून.

हा भार किती जुना आहे, ह्याची साक्ष माणसाच्या हाडांनीच दिली आहे. उत्तर सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाची एक अतिप्राचीन वसाहत आहे. धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी १९७२-७३ साली तिचे उत्खनन झाले. तेथील सांगाड्यांचा अभ्यास लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील थेया मॉलेसन यांनी केला व १९९४ साली प्रसिद्ध केला. पायाच्या अंगठ्याचे झिजलेले सांधे, गुडघ्यांवरील ताणाच्या खुणा, पाठीच्या खालच्या मणक्यांना झालेली इजा, असे दोष त्यांना प्रामुख्याने स्त्रियांच्या सांगाड्यांत आढळले. गुडघे टेकून, पायाची बोटे दुमडून, लांबट दगडावर दुसरा दगड तासन्‌तास पुढे-मागे घासल्याने हे झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शेतीचा आरंभ म्हणून आपण ज्या युगाचा गौरव करतो, त्या युगाची किंमत कोणी मोजली, हे त्या हाडांवरून समजते.

आमच्या देशातही दळण्याचे पहिले साधन हेच होते. सिंधू संस्कृतीच्या नगरांत असे पुढे-मागे घासावयाचे दगड मिळाले आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यातही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांतून असे दगड निघाले. आज आम्ही मसाला वाटण्यासाठी जो पाटा-वरवंटा वापरतो, तो त्याच कुळातला. त्या काळच्या स्त्रीला मसाल्यापुरताच नव्हे, तर घरच्या सगळ्या धान्यासाठी तो चालवावा लागे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या श्रमाची कल्पना येते.

उखळ-मुसळही तितकेच पुरातन. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अठ्ठाविसाव्या सूक्तात सोम पिळण्याच्या प्रसंगी उखळ-मुसळांना उद्देशून ऋचा आल्या आहेत. उखळ घरोघरी वापरात असल्याचे आणि स्त्री ते काम करीत असल्याचे उल्लेख त्यांत आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठाराचे वर्णन आहे. तेथे तराजू व मापे यांबरोबर दळण्याचा दगड, मुसळ, उखळ, कांडण्या-भरडण्याची यंत्रे, सूप व चाळणी ही उपकरणे नोंदली आहेत. कोणते धान्य कांडल्यावर किती उरते आणि शिजविल्यावर किती वाढते, ह्याचीही प्रमाणे दिली आहेत. धान्याच्या घट-वाढीचा हिशेब असा बारकाईने केलेला. कांडणाऱ्या शरीराची जी घट होते, तिला मात्र कोठाराच्या वहीत रकाना नाही.

ह्या प्रदीर्घ इतिहासातील पहिली मोठी सुटका म्हणजे फिरते जाते. ते कोणी शोधून काढले, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. आमच्याकडे इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास ते दिसू लागते. तक्षशिलेच्या उत्खननात अशी जाती मिळाली आणि अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथेही मिळाली. नेवाशाचे उत्खनन करणारे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५९ साली भारतातील फिरत्या जात्यांवर स्वतंत्र टिपण लिहिले. ह्या जात्याची युक्ती साधी, पण तिचा लाभ मोठा. वरच्या तळीचा भार मधल्या खुंटीभोवती फिरतो. एकदा गती आली की दगडाचे वजनच पुढच्या फेऱ्याला मदत करते. खुंटा कडेला असल्याने थोड्या जोरात अधिक काम होते. गुडघ्यांवर ओणवे होण्याचे सुटले आणि स्त्री बसून दळू लागली. आणखी एक गोष्ट झाली. पाट्यावर एकटीनेच घासावे लागे. जात्याचा खुंटा मात्र समोरासमोर बसून दोघींना धरता येतो. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय यांनी मिळून दळण्याची सोय ह्या साधनाने प्रथम करून दिली.

दोन हातांच्या ह्या सोयीवरच आमच्या भक्तिपरंपरेतील एक अत्यंत हृद्य कथा उभी आहे. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई दळावयास बसली असता प्रत्यक्ष विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथे जनाबाईचे जाते आजही भाविकांस दाखवितात. ही कथा ऐकून आपण देवाचे भक्तवात्सल्य आठवतो, ते योग्यच आहे. पण तिचा आणखी एक अर्थ आमच्या मनात येतो. देवाने जनीला दर्शन देऊन तिच्या कष्टांची स्तुती केली आणि तो अंतर्धान पावला, असे परंपरा सांगत नाही. तो खाली बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. दासीच्या श्रमाला काय हवे असते, हे त्या कथेने ओळखले आहे.

जात्यावरच्या ओव्यांविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ ह्या ग्रंथात ह्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाचे काम जन्मभर केले. १९८० नंतरच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या अभ्यासकांनी मावळ-मुळशीपासून आरंभ करून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट, सासुरवासाचे दुःख, हे सर्व त्यांत आहे. मराठी स्त्रीने लिहिले नाही त्या शतकांत ती दळताना बोलली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ओवी गोड आहे म्हणून दळण गोड होते, असा अर्थ काढू नये. जात्याची घरघर आणि श्वासाची लय सांभाळण्यासाठी गाणे लागते. घरातील इतर माणसे झोपलेली असतात, म्हणून मनातले बोलावयास तीच एक वेळ मिळते. ओवी ही त्या कष्टांतून काढलेली वाट आहे. जाती बंद पडली आणि ओव्या लोपल्या, अशी हळहळ पुष्कळदा ऐकू येते. ओव्या जतन झाल्याच पाहिजेत. त्यासाठी कोणा सुनेने पुन्हा पहाटे उठून जाते ओढावे, असे मात्र कोणी म्हणणार नाही. हळहळणारांपैकी बहुतेकांनी खुंटा धरलेला नसतो. लग्नाआधी आम्ही आजही जात्याला व मुसळाला हळद-कुंकू लावून त्यांचे पूजन करतो. ज्या साधनाने पिढ्यान्‌पिढ्या घर जगविले, त्याविषयीची ती कृतज्ञता आहे, आणि ती तशीच राहावी. पूजन केलेल्या साधनाला कामातून निवृत्त करण्यात कोणताही अधर्म नाही.

माणसाच्या दंडाऐवजी निसर्गाचे बळ दळणाला जुंपावे, हा विचारही जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या काळात थेसलोनायकाच्या अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक छोटी कविता रचली. आता जलदेवता तुमचे काम करू लागल्या आहेत, तेव्हा दळणाऱ्या बायकांनी पहाटे खुशाल झोपावे, असा तिचा आशय आहे. यंत्राने स्त्रीची झोप परत मिळवून दिली, ह्या आनंदाचा हा बहुधा सर्वांत जुना वाङ्मयीन उल्लेख असावा. आमच्या देशात हिमालयाच्या उतारांवर बारमाही ओढ्यांच्या बळावर ‘घराट’ नावाच्या पाणचक्क्या आजतागायत चालत आल्या. दख्खनमध्ये अठराव्या शतकातील औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराची, पाणचक्की प्रसिद्ध आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी तेथे धान्य दळले जाई. पण ती सोय एका धर्मस्थानापुरती राहिली. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात; अशा पाण्यावर गावोगावच्या गिरण्या चालणे कठीण. म्हणून घाटावरील स्त्रीच्या जात्याला पुढील काळातही तिच्या दंडाशिवाय दुसरे बळ मिळाले नाही.

यंत्रयुग आले, तेव्हाही ते घराच्या आतल्या पडवीत सर्वांत शेवटी पोचले. ह्याचे उदाहरण आमच्या बेळगावचेच देता येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. त्यांच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडले ते कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यामागून लोखंडी नांगर. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. मराठी मुलखातील शेतीला ह्या उद्योगाने केवढे साह्य केले, ते सर्वश्रुत आहे. तरी ह्या क्रमाकडे पाहून एक विचार मनात येतोच. बैलाची वैरण कापावयास यंत्र आले, पुरुषाच्या हातात लोखंडी नांगर आला. जात्यात वैरण घालणारी बाई होती तेथेच होती. पैसे देऊन यंत्र घेणारा पुरुष होता; त्याला ज्या कामाची झळ लागत होती, त्याचे यंत्र आधी निघाले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला, आणि अशा तेलाच्या इंजिनांनी खेड्यापाड्यांतील पिठाच्या गिरण्या फिरू लागल्या. घरच्या दळणाची सुटका झाली ती अशी आडमार्गाने. गोव्याच्या खेड्यांत तर वीज पोचण्याचे काम १९६१ च्या मुक्तीनंतर वेगाने झाले आणि विजेवरची गिरणी त्यानंतर सर्वत्र दिसू लागली.

गिरणीचे पीठ गरम येते, त्यात सत्त्व राहत नाही, असे म्हणणारी वडीलधारी माणसे त्या काळी घरोघरी होती. तरी बायकांनी दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि दोन-दोन मैलांची वाट तुडवीत त्या गिरणीकडे गेल्या. दळणावळीसाठी गाठीचे चार पैसे त्यांनी आनंदाने मोजले. ज्यांच्या मताला घरात फारशी किंमत नव्हती, त्यांनी आपले मत असे पायांनी चालून नोंदविले. यंत्राच्या बाजूने ह्याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

तथापि ह्या सुटकेला दुसरी बाजू होती, आणि ती सांगितल्याखेरीज इतिहास पुरा होत नाही. ‘दळण-कांडण करून मुलाला वाढविले’ हे वाक्य आमच्या कितीतरी चरित्रांत येते. विधवा, परित्यक्ता, भूमिहीन अशा स्त्रियांना दुसऱ्याच्या घरचे दळण-कांडण हाच पोट भरण्याचा एक आब राखणारा मार्ग होता. घरधनिणीच्या हातांना विश्रांती मिळाली, त्याच दिवशी दळपिणीची व कांडपिणीची मजुरी बुडाली. बंगालमध्ये ढेंकीवर भात कांडणाऱ्या स्त्रियांची ह्याच प्रकारे झालेली परवड मुकुल मुखर्जी यांनी १९८३ साली एका अभ्यासपूर्ण लेखात मांडली आहे. भात कांडणे हा बंगालमधील स्त्रियांच्या मोठ्या धंद्यांपैकी एक होता. तांदळाच्या गिरण्या आल्या आणि तो ओसरला. काम बायकांच्या हातून गेले. गिरणीत जे नवे काम निर्माण झाले, त्यात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. कष्ट गेले त्यांबरोबर मिळकतही गेली.

तिसरी गोष्ट अन्नाची. ब्राझीलमधील एंगेलबर्ग याच्या नावाने ओळखले जाणारे भात सडण्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले आणि पुढे आशियाच्या भातप्रदेशांत सर्वत्र पसरले. खोबणीदार लोखंडी लाट जाळीदार पन्हळीत फिरते आणि एकाच घासणीत तूस व कोंडा दोन्ही निघतात. तांदूळ पांढरा शुभ्र येतो; पण कणी फार होते, आणि पौष्टिक कोंडा तुसात मिसळून वाया जातो. नुसत्या अशा सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांस बेरीबेरी नावाचा रोग होतो. ह्या रोगाचा मूळ धागा जावा बेटात ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० नंतरच्या दशकात कोंबड्यांवरील प्रयोगांतून सापडला. त्या कार्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उखळात नकळत राहून जाणारा कोंडा आरोग्याचे रक्षण करीत होता, हे तेव्हा जगाला कळले.

ह्या दोन हानींची जाणीव ठेवून महात्मा गांधींनी १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चालले. अर्थशास्त्रज्ञ जो. कॉ. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ आणि ताजे पीठ यांचा संघाने मोठा पुरस्कार केला. पुढे प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योगांचा विचार करताना हातसडीच्या धंद्याचीही दखल घेतली, आणि १९५८ साली तांदूळ गिरण्यांचे नियमन करणारा कायदा केंद्र सरकारने केला. हा कायदा १९९७ साली रद्द झाला.

ह्या प्रयत्नांमागील करुणा थोर होती. ग्रामोद्योग संघाने सुधारलेली चक्की व ढेंकी तयार करून श्रम कमी करण्याची खटपटही केली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गिरणी थोपविणे आणि बाईचा भार उतरविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने गिरणीला परवाना घ्यावयास लावता येते. मुसळाचे वजन त्याने कमी होत नाही. हातसडीचा तांदूळ आरोग्याला चांगला, हे खरे. पण तो हात कोणाचा, हा प्रश्न बाजूला ठेवून केलेला उपदेश त्या हाताला पटत नाही. उलट, केवळ श्रम वाचले एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी कांडपिणीच्या बुडालेल्या मजुरीकडे पाठ फिरविली. दोन्ही पक्षांनी एकेक डोळा मिटला होता.

दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करावे, ही दृष्टी अलीकडच्या अर्धशतकात हळूहळू आली. भोपाळ येथे १९७६ साली केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्था निघाली. भुवनेश्वर येथे शेतकरी स्त्रियांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ साली सुरू झाले. ह्या संस्थांतून प्रसार पावलेली साधने पाहिली तर ती अगदी लहान आहेत. मक्याचे दाणे बोटांनी किंवा कोयत्याने सोलताना हात रक्तबंबाळ होतात. त्यासाठी आत चार पाती असलेली एक लोखंडी नळी आहे. कणीस तीत घालून फिरविले की दाणे गळून पडतात. तासन्‌तास बसून सूप पाखडण्याऐवजी चार दोऱ्यांनी टांगलेली चाळण आहे. ती उभ्याने झुलविली की धान्य स्वच्छ होते. दिसावयास हे किरकोळ. पण ज्या कामासाठी हजारो वर्षे कोणी यंत्रच योजिले नाही, तेथे प्रथमच बाईची उंची, तिच्या पंजाची पकड आणि तिच्या पाठीचे दुखणे मोजून साधन तयार झाले. शास्त्रकारांच्या व कोठाराच्या वहीत नसलेला रकाना येथे उघडला गेला.

ह्याहून अधिक बोधप्रद उदाहरण तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांचे आहे. तेथील आदिवासी शेतकरी सावा-राळ्यांसारखी बारीक भरडधान्ये पूर्वापार पेरीत. ती पिके मागे पडत चालली. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने तेथे काम केले, तेव्हा एक महत्त्वाचे कारण पुढे आले. ह्या दाण्यांचे टरफल कठीण, ते उखळात कांडून काढणे अतिशय जिकिरीचे, आणि ते काम सर्वस्वी बायकांकडे. रेशनचा तांदूळ मिळू लागला, तेव्हा घरात भरडधान्य शिजेनासे झाले. शिजेनासे झाले म्हणून पेरलेही जाईना. प्रतिष्ठानाने लहान भरडयंत्रे व पिठाच्या चक्क्या आणून त्या स्त्रियांच्या बचतगटांच्या ताब्यात दिल्या. श्रम वाचले आणि यंत्राची मिळकतही गटाच्या पदरी पडू लागली. बंगालच्या ढेंकीवालीचे जे झाले, ते येथे टळले. कारण यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आधी विचारला गेला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. नाचणी, वरई, सावा यांची वाखाणणी आता शहरांतील मेजवान्यांतही होते. सह्याद्रीच्या डोंगराळ भागांत मात्र नाचणीची कणसे काठीने झोडपणारी आणि वरई उखळात कांडणारी बाई अजून आहे. आपण ज्या धान्याचे गुण गातो, त्याच्या भरडण्याची सोय गावात आहे की नाही, हे पाहणे हे गुणगानापेक्षा निकडीचे आहे.

ह्या इतिहासावरून आमच्या बुद्धीप्रमाणे एवढे निष्पन्न होते. श्रम हलके करणारे कोणतेही साधन पुढे आले की त्याला तीन प्रश्न विचारावेत. ते कोणाच्या अंगावरचा भार उतरविते? ते कोणाच्या तोंडचा घास काढते? आणि ते अन्नातील सत्त्व राखते की घालविते? तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर त्याचे स्वागत करावे. एखाद्याचे नसेल तर साधन टाकून न देता त्याची मालकी आणि रचना बदलावी.

आमची देवस्थाने ह्या बाबतीत बरेच काही करू शकतील, म्हणूनच हा विषय आम्ही ह्या पानांवर मांडला. नैवेद्याला, समाराधनेला आणि महाप्रसादाला लागणारे तांदूळ व पीठ बहुतेक ठिकाणी बाजारातून येते. स्वतःची लहान गिरणी चालविणारे स्त्रियांचे गट जवळपास असतील, तर त्यांच्याकडून कमी सडलेला तांदूळ आणि नाचणीचे पीठ वर्षाच्या बोलीने घेता येईल. जेथे असे गट नाहीत, पण अग्रशाळेची एखादी खोली रिकामी आहे, तेथे भरडयंत्राला जागा देता येईल. यंत्र गावच्या शेतकरी बायकांच्या नावावर असावे, देवस्थानाने फक्त छप्पर आणि पहिल्या वर्षाचे गिऱ्हाईक पुरवावे. नवरात्रापूर्वी, नवे भात घरी येण्याच्या सुमारास, समित्यांच्या ज्या बैठका होतात, त्यांत हा विषय एकदा ठेवून पाहावा. त्या बैठकीला गावातील दोन-चार शेतकरी बायांनाही बोलवावे. कोणते यंत्र हवे आणि ते किती उंचीवर बसवावे, हे त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला सांगता यावयाचे नाही.